आधीचं घर

शैलाताई पडदा दोन बोटांनी उचलायच्या. अंगठा आणि तर्जनी. बाकीची तीन बोटं वर. दुधावरची साय काढावी तसा. पडदा म्हणजे तारेवर टाकलेली जुनी साडी. तिच्यामागे हातभर फरशी, एक बादली, एक डबडं आणि गटारात उतरणारं भोक. "आणि हे न्हाणीघर," असं म्हणून ताई क्षणभर थांबायच्या. पाहुणे वाकून आत बघायचे, कुणीतरी जिभेनं च्‌ च्‌ करायचं, आणि पडदा खाली यायचा. हे मी किती वेळा पाहिलं त्याची नोंद भेटींच्या वहीत आहे. मोजायची इच्छा नाही.

संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. ताई आता निवृत्त झाल्या आहेत, तेव्हा त्यांच्यावर जुन्या सहकाऱ्यांनी एकेक पान लिहावं, "शक्यतो हृद्य", असा निरोप मलाही आला. मी बसले. तीन ओळींत हृद्य संपलं. त्या तीन ओळी पाठवून दिल्या. राहिलेलं हे.

आधी माझी जागा सांगते, म्हणजे कोण कुठून बोलतंय ते कळेल. भोसरीच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं स्टोअर्सला होते. कोणता नट कुठल्या फळीवर, हे झोपेत सांगितलं असतं. कारखाना चाकणच्या पलीकडे गेला आणि मी धायरीत राहणारी, रोजचं तेवढं अंतर मला जमेना. ओळखीतून ही नोकरी मिळाली. येरवड्यात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या, तेच ऑफिस. संस्थेचं काम असं, की वस्तीत पत्र्याचं, फळ्यांचं घर असेल तर त्याच जागेवर विटांचं पक्कं घर बांधून द्यायचं. सामान आणि मिस्त्री संस्थेचा, पाडापाडी आणि माती वाहणं घरच्यांचं. कुठली कंपनी, कुठला ट्रस्ट अनुदान देईल त्यावर वर्षाची एक फेरी ठरायची. एका फेरीत दहा-बारा घरं.

कुठलं घर आधी, याची यादी मी करायची. त्यासाठी मी गुण लावले होते. छत गळतं का, गटाराचं पाणी आत येतं का, घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे का, वाढत्या वयाची मुलगी असून मोरीला दार नाही असं आहे का. ज्याला गुण जास्त, तो वर. यादीवर सही शैलाताईंची. मी येईपर्यंत यादी नावाची वस्तूच नव्हती, ताईंच्या डोक्यात सगळं असायचं. "कुंदा, तू आलीस आणि संस्थेला हाडं आली," असं त्या मला पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. मला ते फार आवडलं होतं. हेही लिहून ठेवते.

शैलाताई पैसे खाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या चोर असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. मानधन घ्यायच्या ते माझ्या पगाराहून कमी. पीएमटीनं यायच्या, बसला पीएमपी म्हणायला त्या शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. डब्यात दोन पोळ्या आणि कसलीतरी हिरवी भाजी, तीही कुणी मागितली तर अर्धी द्यायच्या. स्वतःचं घर नव्हतं, एका खोलीत भाड्यानं राहायच्या. हे सगळं खरं होतं. आणि हे सगळं त्या नव्या माणसाला तिसऱ्या वाक्यात सांगायच्या. दुसऱ्यात नाही, चौथ्यात नाही.

वस्तीतलं प्रत्येक नाव त्यांना पाठ. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालं, सगळं. प्रपोजल लिहायला बसल्या की एका बैठकीत संपवायच्या, मध्ये चहासुद्धा नाही. "देणारा आकडा विसरतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "बाई लक्षात राहते." म्हणून प्रत्येक प्रपोजलच्या पहिल्या परिच्छेदात एक बाई असायची.

पाहुणे येणार असले की आमच्या खुर्च्या खाली गिरणीत जायच्या. एका बँकेनं दिलेल्या आठ चांगल्या खुर्च्या होत्या, पाठीला टेकू असलेल्या. त्या दळणाच्या डब्यांमागे ठेवायच्या आणि वर सतरंजी अंथरायची. प्रिंटरवर गोधडी. चहा कपातून नाही, स्टीलच्या पेल्यांतून. इस्त्रीच्या पँटी घातलेले पाहुणे मांडी घालताना घामाघूम व्हायचे आणि जाताना म्हणायचे, "किती साधेपणानं चालवता हो!" संध्याकाळी पिठानं पांढऱ्या झालेल्या खुर्च्या पुसायला आम्हीच.

एकदा त्याच बँकेचे साहेब न कळवता आले. सतरंजीवर बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आम्ही खुर्च्या दिल्या होत्या ना?"

"वस्तीतल्या अभ्यासिकेला दिल्या," ताई म्हणाल्या. डोळ्याची पापणी हलली नाही. "मुलांना पाठ जास्त महत्त्वाची. आमच्या पाठी आता मोडून झाल्या."

साहेब गहिवरले. गाडी वळताच ताई मला म्हणाल्या, "हातगाडी बोलाव. खुर्च्या अभ्यासिकेत पोचव."

"सगळ्या?"

"आठच दिल्या होत्या ना त्यांनी?"

पुढची सगळी वर्षं मी स्टुलावर बसून याद्या केल्या. शैलाताई खोटं बोलत नसत. बोलून झाल्यावर ते खरं करून टाकत, आणि खरं करायचा भार उचलायला कुणीतरी दुसरं असे. मी तेव्हा हसले होते. घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगितलंही होतं.

आता द्वारकाबाई. वाशीमकडच्या. लग्नानंतर पुण्यात आल्या त्याला तीस वर्षं होत आली, पण बोलणं तिकडचंच. नवरा वाघोलीला एका मोठ्या बांधकामावर वॉचमन. आठवड्यातून एकदा घरी यायचा, बाकी दिवस दुसऱ्यांच्या रिकाम्या फ्लॅटांवर लक्ष ठेवायचा. एकच मुलगी, ज्योती. घर गल्लीच्या तोंडाशी. तीन बाजूंना पत्रे, चौथीला जुन्या दारांच्या फळ्या, वर निवडणुकीच्या फ्लेक्सचा कापडासारखा तुकडा. मी पहिली यादी केली तेव्हा ज्योती सहावीत होती. गुणांत हे घर पहिलं आलं. मी द्वारकाबाईंना सांगितलंसुद्धा, "बाई, या फेरीत तुमचं होईल."

"मले घर नाई झालं तरी चालते, ताई," त्या म्हणाल्या. "पोरीच्या मोरीले दार लागलं पाहिजे. ते अंधार असताच उठून आंघोळ करते. थंडीतही."

यादी ताईंच्या टेबलावरून परत आली. द्वारकाबाईंच्या नावापुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "प्रतीक्षा क्र. १. गटारकामानंतर." पटण्यासारखं होतं. महापालिका त्या गल्लीत गटार खणणार, असं खरंच ऐकू येत होतं. पुढच्या वर्षी "कागदपत्रे अपुरी." त्याच्या पुढच्या वर्षी "नवरा हजर नसतो, पाडकाम कोण करणार?" प्रत्येक कारण वेगळं आणि प्रत्येक कारण बरोबर. मी दर वर्षी नवी यादी करायची आणि दर वर्षी ते नाव सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायची. अक्षर माझं चांगलं आहे.

पाहुणे मात्र द्वारकाबाईंकडे जायचेच. ताईंचा रस्ता ठरलेला. आधी ऑफिसात चहा, मग द्वारकाबाईंचं घर, मग समोरच्या गल्लीतलं एक बांधून झालेलं घर, मग गटाचा फोटो. हा रस्ता वहीत नीट आखून द्यायचं कामही माझंच.

एका दिवाळीच्या तोंडावर एक मोठी मंडळी येणार होती. द्वारकाबाईंना निरोप गेला होता. आम्ही पोचलो तर पत्र्यांना आतून पांढरा चुना, दारात रांगोळी, फळ्यांच्या भिंतीवर धुतलेली चादर ताणून बसवलेली आणि पडद्याला नवी कोरी साडी. निळी, काठाची. पाहुणे यायला अजून अर्धा तास होता. ताईंनी उंबऱ्यातूनच पाहिलं.

"द्वारकाबाई, हे काय केलंत?"

"पाहुणे येऊन राहिले ना, ताई. म्हटलं घर जरा बरं दिसावं."

"अहो, पण घर बरंच दिसायला लागलं तर ते देतील कशाला?"

द्वारकाबाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कुंदा, ती साडी काढ. चादर काढ. चुन्याला आता इलाज नाही."

मी काढली. द्वारकाबाईंनी मला मदत केली. घडी घालताना त्या हळूच म्हणाल्या, "पाहुण्याले घाण घर दाखवाव म्हंता, ताई? आमच्याकडे असं नसते." रांगोळी ताईंनी राहू दिली. "रांगोळी चांगली आहे. गरिबीतही रांगोळी. राहू दे." आणि त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना ती खरंच दाखवली.

पाहुणे आले की ज्योती सुरुवातीला बाहेर निघून जायची. नववी-दहावीपासून तिला तेही जमेना, अभ्यास होता. मग गल्लीत ताईंचा आवाज आला की ती पुस्तक घेऊन मोरीत जाऊन बसायची, पडद्यामागे, बादली उलटी करून. घरात लपायला तेवढीच जागा. पाहुणे बोलायचे, द्वारकाबाई ठरलेलं सांगायच्या, आणि नशीब असलं तर कुणी मोरीपर्यंत यायचं नाही. बहुतेक वेळा तिची आई आधीच "पोरगी आत हाय" म्हणायची आणि ताई तेवढ्यावर थांबायच्या.

एकदा नाही थांबल्या. द्वारकाबाई नळावर होत्या. ताईंनी दोन बोटांनी पडदा उचलला आणि आत ज्योती, मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, हातात पेन्सिल. तिनं वर पाहिलं. पाहुण्यांतल्या एकाच्या गळ्यात मोठा कॅमेरा होता. एका श्वासात सगळं झालं. ज्योतीनं पुस्तक चेहऱ्यावर धरायच्या आत.

फोटो सुंदर होता. तसं म्हणायलाच हवं. बाजूच्या पत्र्याच्या भोकातून आलेला उजेड, उलटी बादली, पोरीचे डोळे. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच. त्यावर्षी अनुदान दुप्पट आलं. अहवालाच्या प्रती वस्तीतल्या शाळेतही वाटल्या गेल्या, कारण दरवर्षी वाटायच्या असं माझ्या यादीत होतं. ज्योती चार दिवस शाळेत गेली नाही. वर्गातली मुलं तिला "ए बाथरूम" म्हणत होती.

मी ताईंना सांगितलं. त्या कुठलंतरी पत्र वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला सांग, तुझ्या एका फोटोनं नऊ घरं वाढली. मोठी झाली की अभिमान वाटेल."

"आणि त्या नवांत ती नाही?"

"बघू. पुढच्या फेरीत."

बारावीच्या वेळी ज्योती हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला ऑफिसात आली. झेरॉक्स मशीन गरम व्हायला वेळ घ्यायचं. ती माझ्या टेबलाशी उभी होती. समोर भेटींची वही उघडी होती, पुढच्या महिन्याच्या भेटीचं पान. तिनं त्यावर बोट ठेवलं. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "मुक्काम २ : आधीचं घर (कायम)." खालच्या ओळीत "मुक्काम ३ : नंतरचं घर (बदलते)."

"हे आम्ही ना, कुंदाताई? आधीचं?"

"हो. म्हणजे पाहुण्यांना फरक कळावा म्हणून—"

"मला माहितेय कशासाठी." तिचं मराठी पुणेरी, आईसारखं नाही. "कंसात 'कायम' तुम्हीच लिहिलंय का?"

मशीन गरम झालं. तिची झेरॉक्स निघाली. ती "थँक्यू" म्हणून गेली.

माझ्याकडे हिरवी फाइल होती, लाभार्थींच्या याद्यांची. आणि निळी वही, भेटींची. दोन्ही माझ्याच कपाटात, एकाच कप्प्यात. स्टोअर्समध्ये सतरा वर्षं काढलेली बाई मी, एकच वस्तू दोन रजिस्टरांत दिसली तर नाव काढून जाब विचारणारी. सहा वर्षांत या दोघी शेजारी ठेवाव्यात असं माझ्या डोक्यात आलं नाही. "कायम" हा शब्द मी का लिहिला, तेही आठवतं. दर वेळी नाव लिहायचा त्रास वाचावा म्हणून.

त्या दुपारी मी दोन्ही घेऊन ताईंच्या टेबलाशी गेले.

"हे काय?"

"सहा याद्या. सहाही वेळा गुणांत पहिलं नाव, सहाही वेळा पुढच्या फेरीत. आणि ही भेटींची वही."

ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. याद्यांकडे पाहिलंही नाही. "बरं मग?"

"पहिल्या यादीला ज्योती सहावीत होती. आता बारावीला बसते आहे."

"चांगले मार्क पडतील. हुशार आहे."

"मोरीला दार नाही, ताई."

"मला माहीत नाही का? मीच दाखवते ना सगळ्यांना ती मोरी." आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "कुंदा, तू कारखान्यातली. कारखान्यात नमुना बाजूला काढून ठेवतात की नाही?"

"चांगल्या मालाचा ठेवतात."

त्या हसल्या. खरंच, मनापासून. "हे बघ, त्या एका घरावर बाकीची सगळी उभी आहेत. नंतरची घरं सगळ्याच संस्थांकडे असतात, रंगीत, चकचकीत. आधीचं घर दाखवता आलं पाहिजे. कागदावर लिहून ते दिसत नाही. ते घर मी बांधलं असतं ना, तर तुझ्या यादीला हात पुसायला तरी कुणी घेतलं असतं का?"

"मग द्वारकाबाईंना तसं सांगा. की तुम्ही नमुना आहात, तुमचं होणार नाही. दुसरीकडे कुठे बघायचं तर बघतील."

त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "तुम्ही कागद सांभाळा. माणसं मी सांभाळते."

तोवरची सगळी वर्षं मी त्यांची "तू" होते.

त्यांच्या बोलण्यातला हिशेब चुकीचा नव्हता, आणि राग त्याचाच जास्त येतो. मला त्यावर चोख उत्तर आजही सापडलेलं नाही. एवढंच म्हणता येतं, की तो सौदा झाला तेव्हा द्वारकाबाई खोलीत नव्हत्या.

त्या वर्षीच्या फेरीत सातव्या नंबरचं कुटुंब अचानक कायमचं गावी निघून गेलं. जागा रिकामी झाली. यादीच्या मागच्या पानावर नियम छापलेले होते. चौथा नियम असा, की नाव गळाल्यास प्रतीक्षा क्रमांक एकला आपोआप संधी. नियम मी केलेला, खाली सही शैलाताईंची. आजवर अशा वेळी मी ताईंना विचारायची आणि त्या दुसरंच नाव सांगायच्या. या वेळी नाही विचारलं. रामलिंग मिस्त्रींना कामाचा कागद दिला.

मिस्त्रींनी पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं. "हे तर पाव्हण्यांचं घर हाय. ताईंना इचारलंय ना?"

"ताईंची सही आहे."

"सही दिसतीय. इचारलंय का?"

"मिस्त्री, सोमवारी पाडायचंय. गुरुवारच्या आत पाया खणलेला दिसला पाहिजे."

"गुरुवारी काय हाय?"

"गुरुवारी भेट आहे."

रामलिंग मिस्त्री तोंडातली तंबाखू थुंकून आले आणि एवढंच म्हणाले, "मग रविवारीच पाडू."

द्वारकाबाईंचा नवरा सुट्टी घेऊन आला. पत्रे उतरले, फळ्या सुटल्या, फ्लेक्सची गुंडाळी झाली. द्वारकाबाई सारख्या विचारत होत्या, "शैलाताईले ठाऊक हाय ना?" मी प्रत्येक वेळी सांगितलं, कागदावर सही आहे. ज्योतीनं तारेवरची साडी ओढून काढली, जमिनीवर पसरली, तिच्यात भांडी घालून गाठ मारली आणि बोचकं शेजारणीकडे नेऊन ठेवलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. गाठ मात्र अशी मारली होती की संध्याकाळी कुणाला सुटेना.

गुरुवारी एका कंपनीचे तिघं आले. मी वही घेऊन मागे. ताई पुढे, बोलत बोलत, "आता आपण एक घर पाहणार आहोत. कृपा करून चपला बाहेर—" आणि गल्लीच्या तोंडाशी त्या उभ्या राहिल्या. समोर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कमरेएवढा चर, बाजूला रचलेले पत्रे. चरातून द्वारकाबाई मातीचं घमेलं डोक्यावर घेऊन वर आल्या. चेहरा घामानं आणि आनंदानं निथळत होता.

"या ताई! पाहा, पाया खणून राहिले! तुमच्या हातानं नारळ फोडाचा रायला हाय!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे बघत होते. सहा वर्षांत एकदा तरी ती बाई अडखळलेली मला पाहायची होती. त्या चराकडे बघत राहिल्या, फार तर दोन श्वास. मग द्वारकाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "काम सुरू झालंय. आपण अगदी योग्य वेळी आलो."

आणि चालू लागल्या. डावीकडे वळल्या. तिसरं दार. "गंगूआजी, येऊ का?" उत्तराची वाट न बघता आत. अंधाऱ्या खोलीत एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. ताईंनी तिचं नाव, गाव, मोतीबिंदू, गेलेला मुलगा, सगळं पाहुण्यांना सांगितलं. एक शब्द चुकला नाही. कोपऱ्यात तारेवर एक जुनं धोतर टाकलेलं होतं. दोन बोटं वर आली.

"आणि हे न्हाणीघर."

घड्याळ माझ्या हातात होतं. चरापासून या वाक्यापर्यंत पाच मिनिटंही गेली नव्हती.

त्याबद्दल त्या मला कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. महिन्याभरानं यादी करायचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं गेलं, "आता संगणकावर करू या" म्हणून. मग मी राजीनामा दिला. निळी वही आणि हिरवी फाइल कपाटात शेजारी शेजारी ठेवून किल्ली सुपूर्द केली. पुढच्या फेरीसाठी मी केलेल्या शेवटच्या यादीत गंगूआजी पाचव्या नंबरवर होत्या. त्यांचं घर माझ्यानंतरच्या फेरीत झालं नाही, एवढं मला कळलं. मी एक घर त्या वहीतून बाहेर काढलं. ती रिकामी ओळ ताईंनी पाच मिनिटांत भरली, आणि मी ती भरताना बघत उभी होते.

त्यानंतर शैलाताई मला एकदाच दिसल्या. वर्षभरानं द्वारकाबाईंनी जेवायला बोलावलं, रोडगे आणि वांग्याची भाजी. "तुमी आल्याबिगर माहं घर झालं असं वाटत नाई." विटांची खोली, वर पोटमाळा, खिडकीला जाळी. मोरीला निळं प्लास्टिकचं दार, आतून कडी. ज्योती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, सुट्टीवर आलेली, मांडीवर विटेएवढं जाड पुस्तक. आम्ही नुकतीच पानं मांडत होतो तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. तोच, न चढणारा. "आणि आता आपण नंतरचं घर पाहू."

ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. घाई केली नाही. पुस्तकात बोट घालून उठली, मोरीत गेली, दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

ताई आत आल्या, मागे चौघं पाहुणे. थोड्या वाकल्या होत्या, बाकी तशाच. "अरे, कुंदा! बरी आहेस ना?" आणि पाहुण्यांना, "या आमच्या जुन्या सहकारी. यांनी संस्थेला हाडं दिली." मग पिशवीतून तो अहवाल काढला, मुखपृष्ठ सगळ्यांना दाखवलं. पत्र्याच्या भोकातला उजेड, उलटी बादली, पोरीचे डोळे. "हीच ती जागा. हीच ती मुलगी. आता बघा." बोलता बोलता त्या मोरीकडे वळल्या आणि हात सवयीनं वर गेला, अंगठा आणि तर्जनी. धरायला तिथे काही नव्हतं. बोटं दारावर टेकली. मग त्यांनी दारावर टकटक केलं.

"कोण आहे आत?"

"मी."

"ज्योती, बाळा, पाहुणे आलेत. जरा दार उघड."

"आंघोळ करतेय."

पाण्याचा आवाज नव्हता. बादलीचाही नाही. सगळ्यांनाच ते ऐकू येत होतं. द्वारकाबाई रोडग्यांवर तूप वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. एका पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. दुसरा खिडकीच्या जाळीचा फोटो काढू लागला.

शैलाताई दारासमोर उभ्या राहिल्या, अहवाल छातीशी धरून. दुसऱ्याच्या घरात कुणी आत बोलवेपर्यंत थांबलेल्या मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. आतून पान उलटल्याचा आवाज आला.